मला पुसलंत का?

४ फेब्रुवारी

आलो एकदाचा! दोन ट्रंका, एक छत्री आणि ही रोजनिशी घेऊन चिरंजीवांच्या घरी, आठव्या मजल्यावर. खोली झकास आहे. पूर्वेला खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलाशी खुर्ची. निवृत्त भाषामास्तराला आणखी काय हवं? सूनबाईंनी पलंगाशी वाचायचा दिवासुद्धा ठेवलाय. लिफ्टमध्ये आरसा आहे. त्यात मी आणि छत्री दोघेही सारखेच वाकलेले दिसलो. ही असती तर म्हणाली असती, छत्रीचा निदान पावसात उपयोग तरी होतो. हिला जाऊन चौदा महिने झाले, पण हिचे टोमणे अजून वेळेवर येतात.

संध्याकाळी चिरंजीवांनी नवा फोन हातावर ठेवला. काळाभोर, गुळगुळीत, थेट शाळेतली पाटी. बोटाने अक्षर गिरवावंसं वाटलं. ओल्या फडक्याने पाटी पुसून ती वाळेपर्यंत आम्ही कविता म्हणायचो. कडवं संपायला आणि पाटी कोरडी व्हायला एकच गाठ पडायची. तो ओल्या पाटीचा वास कुठे गेला कोण जाणे.

चिरंजीव मागे बसून जुन्या फोनमधलं नव्यात भरत होते, तेव्हा मी चौथीतल्या एका कवितेचं तिसरं कडवं आठवत होतो. त्यांनी मध्येच काहीतरी पुसलं. मी हो म्हणालो. कडवं मात्र निसटलं ते निसटलंच.

६ फेब्रुवारी

हिचे फोटो नाहीत.

सहाशे बारा फोटो. मी मोजून ठेवले होते. नव्या फोनमध्ये विजेची बिलं आहेत, मला कोणी कोणी पाठवलेली सुप्रभातची फुलं आहेत, ही नाही. मागच्या दाराच्या पायरीवर बसून केसांत पेन्सिल खोचलेली आणि हसणारी ही, तीही नाही. उभ्या आयुष्यात ही फोटोत हसली ती एकदाच.

चिरंजीव म्हणाले, जुना फोन भरला होता, फोटो त्यातल्या कार्डावर होते, ते कार्ड आपण पुसलं, आणि बाबा, तुम्हाला विचारूनच पुसलं. मी ताडकन उठलो. मला न पुसता माझी बायको पुसली आणि वर हे ऐकवतोस? सूनबाईंच्या देखत त्याला खोटारडा म्हणालो. एवढ्या मोठ्या माणसाची मान खाली गेली. जाऊ दे. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

७ फेब्रुवारी

रात्रभर धुमसत होतो. सकाळी कार्ड घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. एका डोळ्याला भिंग लावून बसलेला पन्नाशीचा गृहस्थ. मला मास्तर म्हणाला, ते आवडलं. त्याने समजावलं की पुसलेलं लगेच जात नाही, नुसतं झाकलेलं असतं. त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं, की मगच ते कायमचं जातं. परत आणता येईल, पण आणायचं तर तेवढी जागा रिकामी करून द्यावी लागते. म्हटलं, हवं ते रिकामं करा, पण हिला आणा.

घरी येऊन खोलीचं दार लावून बसलो. चिरंजीवांनी दोनदा दारावर टकटक केली. केली असेल.

९ फेब्रुवारी

आले! पहिले दीडशे, दुरुस्तीवाल्याने माझ्या फोनवर पाठवले. पहिल्या मिनिटाला आनंद आणि दुसऱ्याच मिनिटाला संताप. आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा फोटो: ही खुर्चीत, शेजारची खुर्ची रिकामी. त्या खुर्चीत मी होतो. तिथे आता ओलसर, पांढुरका फराटा आहे, घाईत पुसलेल्या पाटीवर राहतो तसा. दुरुस्तीवाल्याला चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, काही फोटो अर्धवट येतात, मास्तर. हलगर्जी मेले! अर्धवट यायचं तर नेमका मीच का?

१० फेब्रुवारी

आणखी दोनशे. सगळ्यांत ही आहे आणि एकातही मी नाही. बागेत, स्टेशनवर, मुलाच्या पदवीदानाला, सगळीकडे हिच्या शेजारी फराटा. काल ही त्या फराट्याकडे बघत होती. आज ती समोर बघते आहे.

एक जुनी गोष्ट उगाच आठवली. मुलगा पाच वर्षांचा असताना हिला शाळेत चित्रकलेच्या शिक्षिकेची जागा मिळाली होती. पत्र घरी आलं. मी परस्पर नकार कळवून टाकला. घर कोण बघणार? आठवडाभराने तिला कळलं. ती एवढंच म्हणाली, मला पुसलंत का? आणि मी, मूर्खाने, मास्तरकी केली. म्हटलं, पुसणे या शब्दाचे अर्थ दोन: एक विचारणे, दुसरा खोडून टाकणे, तुला कोणता अभिप्रेत आहे? वर्गात या विनोदावर मुलं हसायची.

ती हसली नाही. तिचं उत्तर अजून शब्दन् शब्द आठवतं.

“तुम्ही पहिलं केलं नाहीत, म्हणजे दुसरं केलंत.”

११ फेब्रुवारी

सूनबाईंना फोटो दाखवले. कौतुकाने बघितले. मग म्हणाल्या, आई सगळीकडे एकट्याच कशा हो? चाळिसाव्या वाढदिवसाचा फोटो सूनबाईंनीच काढलेला, मला ‘बाबा, जरा हसा’ म्हणून दटावून! आठवण करून दिली, तर माझ्याकडे बघत राहिल्या — अनोळखी माणसाने पत्ता विचारावा तसं.

संध्याकाळी पुन्हा बघितले. हिच्या हातात काहीतरी आहे. घडी केलेलं. सगळ्या फोटोंत.

फडकं. ओलं.

१३ फेब्रुवारी

चिरंजीव न विचारता आत आले आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. मला नवा फोन दिला त्या संध्याकाळची चित्रफीत, कौतुकाने काढलेली. खोटारडा हा शब्द त्यांच्या जिव्हारी लागला होता.

त्यात त्यांचा आवाज आहे: बाबा, जुनं सगळं पुसू का? आणि माझा आवाज, कवितेच्या तंद्रीतला:

“पूस की. पुसायला परवानगी कशाला लागते?”

मला वाटलं होतं, तो काही विचारू का म्हणतोय. चाळीस वर्षं तो विनोद मी इतरांना शिकवला —

मुलाची माफी मागणार होतो. पण चित्रफितीत माझा आवाज आहे आणि खुर्ची रिकामी आहे. त्याला विचारलं, खुर्चीत कोण दिसतंय? तो म्हणाला, कोण म्हणजे? आणि विसरल्यासारखा निघून गेला.

१४ फेब्रुवारी

लिफ्टच्या आरशात आज नुसती छत्री होती.

जेवायला दोनच ताटं. ओरडलो. सूनबाईंनी उठून खिडकी लावली. वारा फार आहे म्हणाल्या.

दुरुस्तीवाल्याकडे धावलो, म्हटलं थांबवा, उरलेले नकोत. भिंगातून आरपार बघत राहिला. मग शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, हे कार्ड कोणाचं पडलंय कोण जाणे, पण काम आज पूर्ण झालं.

१५ फेब्रुवारी

पायरीवरचा आला. शेवटचा. सहाशे बारावा.

केसांत पेन्सिल आहे. हसू नाही. एवढा राग मी तिच्या चेहऱ्यावर कधी — नाही, असणारच. मीच वर बघितलं नाही.

आणि पायरी नाही. ती उभी आहे. मागे पूर्वेची खिडकी. टेबल. वाचायचा दिवा.

ही खोली.

१६ फेब्रुवारी

रोजनिशीचं पहिलं पान ओलं आहे. ‘आलो एकदाचा’ — ‘लो’चा काना फिका पडलाय. काना पुसला की उरतं ‘आले’.

तेवढ्याने ते वाक्य तिचं होऊन जातं.

पुसलेलं लगेच जात नाही — त्यावर दुसरं लिहिलं गेलं, की मग —

कसली जागा रिकामी करायला सांगितली मी — हवं ते, म्हणालो — हवं ते —

१७ फेब्रुवारी

दुपार. ऊन. खुर्चीमागे ओल्या पाटीचा वास. वळून बघणार नाही.

तुला विचारायला हवं होतं. ऐकतेस ना — पत्र आलं तेव्हा — चुकलो, मी चुक —

कानाशी. अगदी हळू.

“अहो, पुसू का?”

मी जन्मात कधी — आणि ही पुसतेय. आधी पुसतेय. मग —

नाही म्हणतोय. आवाज नाही. लिहितो. मी इथे आहे. मी इथे बसलो आहे. मी बसलो — मी बसले — मी बसले आहे खिडकीशी, ऊन छान आहे, आणि आता मला न पुसता कोणी काही ठरवायचं नाही.