डबे चपलांपाशी

आई,

तुझा गट अजून चालू आहे. महिन्यातून एका शनिवारी, आकुर्डीच्या त्याच शाळेत, दहावीच्या वर्गात माजी विद्यार्थ्यांच्या आया जमतात. कुणाचा मुलगा तुरुंगात, कुणाचा नशेत, कुणाचा आपल्या दादासारखा गेलेला. मी कुणाचीच आई नाही, पण तू गेल्यापासून तुझ्या जागी बसते. नव्या बायका विचारतात, जेवणाचे डबे बाहेर चपलांपाशी का ठेवायचे? जुन्या माझ्याकडे बोट दाखवतात. मग मी सांगते.

दादाला त्याच्याच बाकावरच्या मित्राने भर रस्त्यात कोयत्याने तोडलं. क्रिकेटच्या भांडणावरून. पुढे मुख्याध्यापक बाईंनी दोघांच्या आयांना शाळेत बोलावलं, बोलून मन हलकं होईल म्हणे! तुझ्या हातात स्टीलचा डबा होता. तो तू त्या मित्राच्या आईच्या, काकूंच्या कपाळावर हाणलास, पुन्हा हाणलास. "तुझं जित्तं हाय, माझं न्हाई!" रक्त त्यांच्या पदरावर उतरतंय आणि त्या हातसुद्धा आडवा घालत नाहीत. "मारा ताई," म्हणतात, "मला कुणीतरी मारायलाच पायजे." तू दमून खाली बसलीस, तशा त्याही शेजारी बसल्या. गट तिथून सुरू झाला. नियम तूच घातलास: डबे बाहेर चपलांपाशी; काय ओरडायचं, मारायचं ते आत, दार लावून, नुसत्या हातांनी; बाहेर हात उचलायचा नाही.

परवाच्या शनिवारी गट सुटल्यावर काकूंचा तो मुलगा त्यांना न्यायला गेटवर आला. शिक्षा भोगून सुटलाय, चाकणला कंपनीत लागलाय, टक्कल पडलंय. माझ्या पाया पडायला वाकला. दादाला टक्कल पडायचं वयच आलं नाही, एवढंच माझ्या मनात आलं आणि मी हातातला डबा उगारला. काकूंनी मनगट धरलं. "इथं नको पोरी. आत चल." त्यांनी स्वतः त्याला वर्गात नेलं, बाकावर बसवलं, दार लावलं आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी मारलं, आई. आधी डब्याने, तो मी चपलांपाशी ठेवलाच नाही, मग हातांनी, नखांनी. त्याचं नाक फुटलं, ओठ फाटला. तो नुसता बसून होता. प्रत्येक फटक्याला काकूंची पाठ दचकत होती, ते मला दिसत होतं, तरी मी थांबले नाही. घरी येताना वाटलं, आता रडू येईल, लाज वाटेल. गटात तसंच सांगायची पद्धत आहे, पुढच्या वेळी मीही तसंच सांगेन. खरं म्हणजे मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. तू असतीस तर हे तुला सांगितलं नसतं.