टर्फवरची शतपावली

८ फेब्रुवारी, रवि.
टर्फचं, म्हणजे त्या नकली गवताचं, नक्की झालं. कंत्राटदार मंजुनाथ सकाळीच टेप घेऊन आला, मागचं अंगण मोजलं. बत्तीस बाय अठरा. एका टोकाला छोटा गोलपोस्ट, बाजूंना जाळी. तन्वी शाळेच्या फुटबॉल टीममध्ये आलीय आणि आमच्या यशवंतपूरच्या गल्लीत गाड्यांमधून चेंडू जायला जागा नाही. बारा वर्षांची पोर, खेळणार कुठे?
अप्पांना विचारलं. दुपारी जेवून ते त्याच अंगणात शतपावली करतात, अनवाणी. मी लहान होतो तेव्हापासून बघतोय. कन्नडमध्ये बरं म्हणाले, "सरी. पोर खेळेल." एवढंच.

१९ फेब्रु., गुरु.
वीतभर माती काढली, काँक्रीट पडलं. टेम्पो माती घेऊन जाईस्तोवर अप्पा मागच्या दारात खुर्ची टाकून बसले होते.
मी ऑफिसच्या कॉलवर. मंजुनाथ निघताना हिंदीत म्हणाला, दुपारी हे फार तापतं सार, पाणी मारल्याशिवाय पाय ठेवू नका. मी अंगठा दाखवला.

१ मार्च, रवि.
टर्फ अंथरून झालं. हिरवंगार. तन्वीनं नाश्त्याआधी पन्नास गोल मारले, गोलात अप्पा, खुर्चीवर बसून. तीन अडवले. बायकोला, मेधाला, पसंत पडलेलं नाही.

१७ मार्च, मंगळ.
मारतहळ्ळीला ऑफिसात होतो. तीनला तन्वीचा फोन: बाबा, अज्जाच्या पायातून पाणी येतंय, फरशीवर डाग पडलेत.
दीडला जेवून नेहमीसारखे फिरले, आजच्या कडक उन्हात. वीस मिनिटं तरी. उजव्या तळव्याला अंगठ्यापासून मध्यापर्यंत मोठा फोड, फुटलेला. डावा थोडक्यात वाचला. वीस वर्षांची शुगर, तळवे कधीचे बधिर. डॉक्टरांनी घरात चप्पल घाला म्हणून सांगितलेलं, मेधाही मागे लागायची. मातीत कसली चप्पल, हे त्यांचं उत्तर.
डॉक्टरांनी विचारलं, कशावर पाय पडला, तापलेल्या पत्र्यावर? मी म्हटलं, गवतावर. मेधा म्हणाली, "प्लास्टिकच्या."
रिक्षात अप्पा सारखं एकच: "मला काही कळलंच नाही रे."

१८ मार्च
मेधाला सांगितलं. मंजुनाथ काय म्हणाला होता आणि मी घरात कुणालाच कसं बोललो नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एक टॉवेल उलगडला, पुन्हा घडी घातली. रागावली असती तर बरं झालं असतं.

२९ मार्च, रवि.
एक दिवसाआड ड्रेसिंग. जखम वाळत नाही, कडा पांढऱ्या.
मंजुनाथला बोलावलं, म्हटलं काढून टाक हे सगळं. उकिडवा बसून त्यानं कोपरा उचलून दाखवला. टर्फ निघेल, खाली काँक्रीट आहे. ते फोडलं तर कंपाउंडची भिंत हलेल. माती कुठे टाकली? आता कुठे सापडणार, सार. मला सांगितलं होतं हे त्याला पक्कं आठवत असणार. तोंडातून काढलं नाही. वरून हिरवी जाळी बांधून देतो, सावली होईल, म्हणाला.
अप्पांनी आतून ऐकलं. काढू नका, म्हणाले, पोरीचं आहे ते.
तन्वी अंगणात जातच नाही. जा म्हटलं की जाते, दोनदा चेंडू मारते, आत येते.

६ एप्रिल, सोम.
आज अप्पांनाही मंजुनाथचं सांगितलं. ऑफिसला दांडी मारून. ड्रेसिंगनंतर त्यांचा पाय उशीवर ठेवला आणि बोलून टाकलं.
त्यांनी उशी नीट केली. मग विचारलं, "तन्वीला ठाऊक आहे?"
नाही म्हटलं.
"नको सांगू. तिला आपलंच चुकलं वाटेल."
 टीव्ही लावायला सांगितला.

१४ एप्रिल, मंगळ.
एक्स-रे. इन्फेक्शन अंगठ्याच्या हाडापर्यंत गेलंय. इंजेक्शनं आठवडाभर, त्यानं भागलं नाही तर अंगठा काढावा लागेल. मी विचारलं, मग तिथे थांबेल ना? डॉक्टर चांगले आहेत, खोटं बोलत नाहीत. पायाचा रक्तपुरवठा कमी आहे, उघडल्यावरच कळेल, म्हणाले.
चाळीस वर्षं लेथवर उभे राहिले या पायांवर. कारखान्यातून आले की आधी नळाखाली पाय धरायचे.

१७ एप्रिल
ताप. इंजेक्शन चालूच. मेधानं रजा टाकली. पुण्याहून तिची आई येते म्हणाली, मी नको म्हटलं. येऊन काय करणार? मी तरी काय करतोय? गोळ्यांच्या वेळा लिहितो.

२१ एप्रिल, मंगळ.
उद्या सकाळी सातला ॲडमिट, मग ऑपरेशन. सही मी केली. काढायचं काय, तिथे फॉर्मवर अंगठा लिहिलंय, पुढे "गरज पडल्यास" आणि रिकामी ओळ.
दुपारी अप्पांनी हाक मारली. डाव्या पायाची नखं वाढलीत, कापून दे, उद्या इतक्या लोकांसमोर बरं दिसत नाही. खाली बसून पाय मांडीवर घेतला. हलका झालाय. त्यांनी मान वळवून खिडकीकडे बघायला सुरुवात केली, मी लहानपणी इंजेक्शन घेताना बघायचो तसं.
नखं झाली. तळवा बघितला, कोरडा, कुठे काही नाही. वाटलं, एकदा दाबून बघावं. बोट पुढे नेलं आणि विचारलं, "अप्पा, इथे कळतंय?"
"कळतंय की," म्हणाले, लगेच. "चांगलं कळतंय."
माझं बोट अजून टेकलंच नव्हतं.