वेण्णारच्या पुलापलीकडे

तंजावूर
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय सुंदरअण्णा,

तुला आणि कनकलतावहिनींना नमस्कार. वहिनींनी पाठवलेला दिवाळीचा डबा पोचला. चकल्या आमच्या साईप्रियानं कॉलेजला जाता-येता संपवल्या, शंकरपाळे मी लपवून ठेवले म्हणून उरले. तुझ्या सांबशिव मेव्हण्यांची बदली यंदा तरी टळली. दहावीच्या मुलांना भूमिती शिकवून माझा घसा बसलाय. बाकी ठीक.

फोनवर तू "बरं आहे" एवढं म्हणून वहिनींकडे देतोस, म्हणून लिहिते आहे. तमिळमध्ये भरभर लिहून झालं असतं, पण अप्पांनी सुट्टीत बसवून आपल्याकडून मराठी अक्षरं गिरवून घेतली होती, आणि हे मला सावकाशच लिहायचं आहे.

अप्पांच्या वर्षश्राद्धाला मी तिरुवैयारुला आईकडे आले नाही. ताप आल्याचं आईला कळवलं. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "पुण्याहून मुलगा येतो, आणि तंजावुरातल्या लेकीला जमत नाही." मला ते त्याच दिवशी कळलं. वाईट वाटलं, पण बाहेरून पाहणाऱ्याला तसंच दिसणार होतं.

ताप नव्हता, अण्णा. त्याआधी सांगितलेलं गुडघ्याचं दुखणंही नव्हतं. मी त्या सकाळी रेशमी साडी नेसून, फुलं आणि केळीची पानं मांडीवर घेऊन गाडीत बसले होते. वेण्णार नदीचा पूल दिसला आणि छाती धडधडायला लागली. हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आपण आता मरतो, याबद्दल मला शंकाच उरली नाही. मी सांबशिवांचा हात धरून म्हटलं, "गाडी वळवा." त्यांनी वळवली. घराकडे तोंड झाल्यावर मी हळूहळू बरी झाले, आणि घरी येऊन खूप रडले.

हे काही पहिल्यांदाच झालं नव्हतं. आधी एकदा याच पुलाजवळ स्कूटरवर झालं, तेव्हा एका ऑटोवाल्यानं मला इस्पितळात पोचवलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं उत्तम. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." मी टेन्शन घेत नव्हते, तेच मला घेत होतं. मग मी त्या रस्त्यालाच जाणं सोडलं. पुढे बाजारात गर्दी झाली तरी तसंच व्हायला लागलं. एकदा वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि मागे वळायची हिंमत होईना. त्या दिवशी ठरवलं, आता पुरे. शाळेतल्या एका बाईंनी दिव्यश्री नावाच्या काउन्सेलरचा पत्ता दिला होता. मी वेळ मागून घेतली.

तुला वाटेल, हिला वेड लागलं की काय. मलाही तीच लाज होती. पहिल्या दिवशी चपला काढतानाच मी सांगून टाकलं, "माझं डोकं ठीक आहे, हृदयाचं काहीतरी आहे."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हृदय खरंच धडधडतंय. तुम्ही खोटं बोलत नाही आहात. फक्त सांगा, ते कशाला घाबरलंय?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"मग आपण शोधू."

त्यांनी समजावलं ते असं. संकट आलं की शरीर पळायची तयारी करतं, म्हणून श्वास वाढतो, हात थरथरतात. ते जीव वाचवण्यासाठीच असतं. माझ्या शरीरानं एक जागा संकटाची म्हणून लक्षात ठेवली आहे. मी दर वेळी तिथून पळते आणि वाचते, म्हणून त्याला वाटतं, पळालो म्हणूनच वाचलो. एकदा तरी न पळता थांबावं लागेल.

तीच जागा का, हे सांगायला मला बरेच आठवडे लागले. तुलाही सांगितलेलं नाही. अप्पा इस्पितळात वारले असं मी सगळ्यांना सांगितलं. ते इस्पितळात पोचलेच नाहीत.

आईच्या फोनवर मी तिरुवैयारुला धावले होते, आणि तंजावूरकडे निघालेली आमची आंब्युलन्स वेण्णारच्या पुलावर अडकली होती. पुढे उसाची लॉरी बंद पडलेली, मागे बसेस. आई शेजाऱ्यांबरोबर मागून येणार होती, आत मी एकटी होते. अप्पांनी विचारलं, "पोचलों का गे?" मी म्हटलं, "आलंच, अप्पा." थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. सायरन वाजतच होता आणि आम्ही जागचे हललो नव्हतो.

तू तेव्हा विमानात होतास. उतरल्यावर विचारलंस, "त्रास झाला का त्यांना?" मी म्हटलं, "नाही, डॉक्टर सगळे जवळ होते." तुला आणि आईला एवढं तरी द्यावं असं वाटलं.

दिव्यश्रींनी हे ऐकून घेतलं, आणि विचारलं, "तुमच्याकडून काय करायचं राहिलं?" मी पुष्कळ विचार केला. काहीच राहिलं नव्हतं. ते कळायला मला कुणीतरी विचारायला हवं होतं.

आता मी रोज शाळा सुटल्यावर वेण्णारपर्यंत जाते. आधी अलीकडच्या चहाच्या टपरीवर नुसती बसायचे. मग कठड्याला हात लावून परत यायचे. परवा अर्ध्यावर जाऊन उभी राहिले. धडधड झाली. मी निघाले नाही. ती चढत गेली, चढत गेली, आणि मग उतरली. अण्णा, ती आपोआप उतरते, हे मला कधी ठाऊकच नव्हतं.

पोंगलला मी आईकडे जाणार. तू काही करू नकोस, फक्त हे वाच.

हरिप्रिया


तंजावूर
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय अण्णा,

तुम्हा दोघांना नमस्कार. पत्र मिळाल्यावर तू फोन केलास. म्हणालास, "रजा टाकतो, मी येऊन तुला गाडीनं नेतो." मी नको म्हटलं, ते तुला लागलं असणार. पण तू नेलं असतंस तर पूल तू ओलांडला असतास. मला तो स्वतःच ओलांडायचा होता.

पोंगलच्या सकाळी मी टाउन बसनं निघाले. सांबशिव स्टँडपर्यंत आले आणि माझ्या सांगण्यावरून मागे राहिले. खिडकीजवळची जागा मिळाली. वेण्णारवर चढताना मी डोळे उघडे ठेवले. झालं नाही असं नाही. बस पुलावर हळू झाली, पुढे बैलांची गाडी होती. मधेच उतरायला मी उठलेसुद्धा. शेजारच्या आजी म्हणाल्या, "स्टॉप अजून लांब आहे, खाली बस." मी बसले. पाय जमिनीवर टेकवले, श्वास लांब सोडत राहिले, आणि जिथं आंब्युलन्स उभी होती ती जागा नीट पाहिली. कठडा, ऊन, खाली नाणलचं उंच गवत, त्यात बसलेले बगळे. बस पुढे गेली. तिरुवैयारुपर्यंतच्या बाकीच्या नद्या कधी आल्या आणि गेल्या, मला कळलंही नाही.

आई ओसरीवर लहान मुलींना गाण्याचे पहिले धडे, सरळी, शिकवत होती. मला पाहून तिचा हात तालावर थांबला. "केव्हां निघालीस गे?" एवढंच म्हणाली. मुलींना घरी पाठवून तिनं मला पोंगल वाढलं. मी खाता खाता तिला सगळं सांगितलं. पूल, लॉरी, अप्पांचं विचारणं, माझं न येणं.

ती ऐकत राहिली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आणि मी समजत होते, तू माझ्यावर रागावलीस."

"तुझ्यावर कशाला?"

"त्यांना पहाटेपासून बरं वाटत नव्हतं. मी आधी काढा दिला, मग आंब्युलन्स बोलावली. मला वाटलं, तू मनात तेच धरलंस, म्हणून येत नाहीस. कसं विचारू? विचारलं आणि तू हो म्हणालीस तर?"

अण्णा, दीड वर्ष आम्ही दोघी नदीच्या दोन बाजूंना बसून स्वतःलाच दोष देत होतो, आणि फोनवर भाजीचे भाव बोलत होतो. मी तिला म्हटलं, असं कधी माझ्या मनातही आलं नाही. तिनं मला तीनतीनदा म्हणायला लावलं. मग तीच म्हणाली, "तुझ्या त्या बाईंकडे मला ने. मला झोप लागत नाही." मागच्या शनिवारी आम्ही दोघी बसनं गेलो. आई आत जाताना मला म्हणाली, "तू बाहेर बस." मी बसले.

मी पूर्ण बरी झाले असं लिहीत नाही. परवाच शाळेच्या सभेत पुन्हा धडधडलं. मी खुर्ची धरून बसून राहिले, आणि माझी पाळी आली तेव्हा बोललेही. दिव्यश्रींकडे अजून जाते, जायचं थांबवणार नाही.

एक गोष्ट उरते. वहिनी सांगत होत्या, तिरुवैयारुहून फोन आला की तू उचलण्याआधी दार लावून घेतोस, आणि कधी कधी उचलतच नाहीस. मी वहिनींना काही बोलले नाही. तुला सांगते, कारण हे मला ओळखीचं आहे. विमानात बसून तूही अडकलाच होतास. तुला तर विचारणारंही कुणी नव्हतं.

पुण्यात अशी माणसं पुष्कळ असतील. एकाकडे जा. पहिल्या दिवशी काय बोलायचं ते सुचणार नाही, तर नुसता बसून ये. आणि आईला तू स्वतः फोन कर, ती तुझ्या आवाजाची वाट पाहते.

अजून घाबरणारी, आणि तरी निघणारी,
तुझी धाकटी
हरिप्रिया