कारण : सर्दी

१२ मार्च, गुरुवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र सोमवारी पोचलं. भाऊजींचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. पिल्लूचं चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. बाहेरून चिकटवलं की रंग निघतो, असं घरमालकीणबाईंचं म्हणणं. त्याने आजीला पंख काढलेत आणि चष्माही तसाच ठेवलाय, म्हणजे तिकडेही तिची वाचनातून सुटका नाही.

मी जेवते का, असं तू एका पत्रात तीनदा विचारलंस. जेवते. दुपारी कारखान्यात, संध्याकाळी खोलीवर. खोली दहा बाय बारा आहे, खिडकी पूर्वेला. विजेची शेगडी आहे. तरी कधी कधी संध्याकाळी दार उघडलं की तो वास येतो. गॅसला स्वतःचा वास नसतो, तुला माहीत आहे ना? गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. या इमारतीत गॅसची जोडणीच नाही, हे मी खाली जाऊन विचारून आले. दोनदा विचारलं. तेव्हा तो विषय इथेच सोडते.

मावशी काय काम करते यावर पिल्लूला शाळेत दहा ओळी लिहायच्या आहेत म्हणालीस. त्याला हे वाचून दाखव. मावशीचा कारखाना देशोदेशीची जेवणं गोठवून डब्यांतून विकतो. दर महिन्याला एक देश. नवी खेप नेहमीसारखीच लागते का, हे बघायला बाहेरची आठ माणसं दर गुरुवारी येतात. प्रत्येकाला कपाटाएवढी वेगळी खोली. आत लाल दिवा, म्हणजे रंगावरून काही ओळखता येऊ नये. भिंतीत एक झडप. पलीकडून मावशी तीन वाट्या सरकवते, प्रत्येकीवर तीन आकडी नंबर. दोन वाट्यांत एकच पदार्थ, एकीत वेगळा. वेगळी कुठली ते शोधायचं आणि खाली शेरा लिहायचा. चाखणाऱ्याला मावशीचा फक्त हात दिसतो, मावशीला चाखणाऱ्याचा. तीन नंबरच्या खोलीत अकरा वर्षं त्याची आजी बसायची. या दहाहून जास्त ओळी झाल्या, पण बाईंना चालेल.

मी तिथे लागले तेव्हा आई सात वर्षांची जुनी होती आणि मी नवी. नातं कळू नये म्हणून ती मला मॅडम म्हणायची. सगळ्यांना नातं माहीत होतं. घरी आल्यावर ती म्हणायची, ‘मॅडम, आता भांडी कोण घासणार?’

शेवटी शेवटी तिचा आवडता देश कुठला होता, असं तू विचारलंस. सांगणं अवघड आहे. इटली म्हणजे तिच्या मते गरीब स्वभावाची सून, कुठल्याही घरात रुळते. मेक्सिको म्हणजे लग्नघरातला मामा, आला की सगळ्यांना घाम फोडणार. जपान कमी बोलणारा जावई, त्याच्या मनात काय आहे ते तिसऱ्या घासाला कळतं. इथिओपियाच्या आंबवलेल्या जाळीदार पोळीला तिने पहिल्या गुरुवारी तोंड वाकडं केलं आणि पुढे महिनाभर माझ्याकडे दुसऱ्या कशाचं नाव काढू दिलं नाही. हे सगळं दीड-दोन वर्षांपूर्वीचं. शेवटचं मला नक्की सांगता येणार नाही.

आता तुझं मुख्य काम. आईचं नाक किती तिखट होतं, हे मी तज्ज्ञ म्हणून कंपनीच्या शिक्क्यानिशी लिहून द्यावं, म्हणजे तीस तारखेच्या चौकशीत तुझ्या जबाबाला जोडता येईल. तुझ्या जबाबाची प्रत वाचली. भाषा चांगली आहे. शिक्का साहेबांकडे असतो आणि ते रजेवर आहेत. आले की बघते.

आज माझ्याकडून एक चूक झाली. आता सातच माणसं येतात, पण मी आठ ट्रे मांडले आणि तीन नंबरची झडपही उघडली. पलीकडे खुर्ची मागे ओढलेली होती, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, फरशी पुसायला त्याच ओढून ठेवतात. कारण कळलं. तरी ट्रे परत उचलायला मला थोडा वेळ लागला.

भाऊजींना नमस्कार. पिल्लूला पापा.

तुझी,
धाकटी


२० मार्च, शुक्रवार

ताई,

साहेब रजेवर नाहीत. शिक्का माझ्याच टेबलाच्या खणात असतो.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस आणि तू मध्ये बोललीस की मी गप्प बसते. कागदावर तुला शेवटपर्यंत वाचावंच लागेल.

काल दुपारी शेगडीवाले काका कारखान्याच्या फाटकाशी उभे होते. बाबा असल्यापासून आपल्याकडे येणारे तेच. त्यांच्या दुकानाला चौकशी होईपर्यंत टाळं आहे, आणि चौकशी त्यांच्याविरुद्ध गेली तर ते कायमचं आहे. मला वाटलं, भांडायला आले असतील, नाहीतर हातापाया पडायला. त्यांनी विचारलं, जेवण झालं का. मग शांतपणे सगळं सांगितलं, मी काही न विचारता.

आईने त्यांना बुधवारी बोलावलं होतं, म्हणजे स्फोट झाला त्या सोमवारच्या पाच दिवस आधी. समोरच्या वहिनींनी तिला सांगितलं होतं की दुपारी तुमच्याकडून गॅसचा वास येतो. काकांनी जुनी नळी काढून नवी घातली.

“साबणाचं पाणी लावून बघितलं, पोरी. एक बुडबुडा आला नाही. मग बाई मलाच विचारतात, आता येतोय का हो वास? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, झालं तर मग.”

आपण काम नीट केलं याचा पुरावा म्हणून ते हे सांगत होते. आईच्या प्रश्नात त्यांना काही वेगळं जाणवलं नव्हतं. समोरच्या वहिनींनी आपल्या आईला सांगावं लागतं की तुमच्या स्वयंपाकघरात वास येतो. जी जिना चढताना कुणाच्या घरी काय शिजतंय ते दारं मोजून सांगायची, तिला.

तुझा सगळा जबाब एका वाक्यावर उभा आहे. आईला वास आला नाही असं होणंच शक्य नाही. म्हणजे गळती एकाएकी झाली, म्हणजे नवी नळी सुटली. पहिलं वाक्य खरं असतं तर पुढचं बिनचूक होतं.

आईला वास येत नव्हता. गेल्या जूनपासून.

हा अंदाज नाही. तीन वाट्यांतली वेगळी ओळखायची तर डोळे मिटून ठोकलं तरी तिनात एकदा बरोबर येतं. जूनपासून जानेवारी संपेपर्यंत बत्तीस गुरुवार झाले. आईचं बत्तीसपैकी अकरा वेळा बरोबर आलं. त्याआधीच्या वर्षात बावन्नपैकी एकोणपन्नास होतं. ही आकडेवारी जगात एकाच माणसाला माहीत होती, कारण ती मांडण्याचं काम एकाच माणसाचं होतं.

कुणाचं सतत चुकायला लागलं की त्या माणसाचे आकडे हिशेबातून वगळायचे आणि शेजारच्या रकान्यात कारण लिहायचं. तीनदा वगळलं की त्या माणसाला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवायचं. हा नियम मीच टाइप केलेला आहे. पहिल्या गुरुवारी आई झडपेतून म्हणाली, मॅडम, सर्दी झालीय. मी रकान्यात लिहिलं : सर्दी. पुढच्या गुरुवारी ती काहीच म्हणाली नाही. मी पुन्हा लिहिलं. ताई, त्या फाइलमध्ये आईला आठ महिने सर्दी आहे. तिने एकदाही नाक पुसलेलं मला आठवत नाही.

घरात आमटी खारट व्हायला लागली, मी पाणी प्यायचे. फ्रिजमधलं दूध फाटलं तरी तिला कळायचं नाही, मी ते ती बघायच्या आत ओतून टाकायचे. एक दिवस ऑफिसात बसून मी वाचलं की या वयात वास असा हळूहळू जातो तेव्हा त्यामागून कधी कधी स्मरणशक्ती जाते. त्या लेखातल्या तक्त्यात सगळं होतं. मी ते पान बंद केलं. गुरुवार हा तिचा एकमेव दिवस होता, चांगली साडी नेसून कामावर जायचा, आणि मी तो काढून घेणार नव्हते, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला त्या तक्त्यात तिचं नाव घालायचं नव्हतं. तीही बोलत नव्हती. एकाच घरात आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो, आणि दोघींना वाटत होतं आपल्याला छान जमतंय.

डिसेंबरात मी एक प्रयोग केला. तिच्या तिन्ही वाट्यांत एकच ठेवलं, पांढरी पेज आणि मीठ. बाकी काही नाही. त्या महिन्याचा देश थायलंड होता. लाल दिव्यात पेजेचा रंग कळत नाही. तिचा कागद आला : ‘मधली वेगळी. लिंबाच्या पानांचा वास छान. नारळाचं दूध किंचित जास्त, त्यामुळे गवती चहा मागे राहतो.’ अक्षर नेहमीसारखं वळणदार. तिथे लिंबाचं पान नव्हतं, नारळ नव्हता, काहीच नव्हतं. ती आठवून लिहीत होती. सगळे देश तिच्या डोक्यात जागच्या जागी होते आणि ती तिथून एकेक काढून मला देत होती.

कागद दिल्यावर तिने हात मागे घेतला नाही. झडपेच्या कडेवर तसाच ठेवला आणि हळूच विचारलं, “बरोबर आलं का, मॅडम?”

आम्ही निकाल कधीच सांगत नाही. चार वर्षांत मी कुणालाही सांगितलेला नाही.

“आलं,” मी म्हणाले.

त्या एका शब्दाने मी तिला सांगून टाकलं की तुझं नाक ठीक आहे. म्हणून वहिनी वासाचं बोलल्या तेव्हा तिने मला न विचारता काकांना बोलावलं असेल. नळीतच काहीतरी असणार, आपल्यात काही नाही, असं तिला वाटलं असेल. की वाटलं नसेल, म्हणून तिने काकांना तो प्रश्न विचारला. रोज मी याच दोन वाट्या पुढे ओढते. वेगळी कुठली ते मला ओळखता येत नाही.

अजून एक. त्या दिवशी बंबवाले गेल्यावर मला मोरीखाली दुधाचं पातेलं सापडलं. शेगडीची बटणं वितळली होती, त्यामुळे चौकशीवाल्यांना काही ठरवता आलं नाही. पण पातेल्याच्या बाहेरून दूध ओघळून वाळलं होतं आणि तळ आतून स्वच्छ होता, जराही करपलेला नाही. दूध उतू गेलं, त्याने ज्योत विझली, गॅस चालू राहिला. ती बाहेरच्या खोलीत वाचत बसली असणार. मग फ्रिज आपोआप सुरू झाला असेल, किंवा तिने आत येऊन दिव्याचं बटण दाबलं असेल; तेवढी ठिणगी पुरते. काकांची नळी जागेवर होती की नव्हती, हा प्रश्नच उरत नाही. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या कळलं, एका मिनिटात. आणि मी ते पातेलं घासून ठेवलं. लोक येत-जात होते, कुणाला त्यात काही वाटलं नाही. त्यामुळे आता पुरावा म्हणून फक्त ते बत्तीस कागद आहेत.

ते आज सकाळी मी चौकशी अधिकाऱ्यांच्या कचेरीत देऊन आले. माझं निवेदन जोडलं आहे, पातेल्याच्या हकिकतीसकट. पोच घेतली. त्याआधी साहेबांना दाखवलं. त्यांनी सगळे कागद वाचले, चष्मा काढला, आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले. आवाज चढवला नाही. निघताना म्हणाले, आई चांगल्या होत्या तुमच्या. मी शिक्का त्यांच्या टेबलावर ठेवला. नंतर काकांच्या घरी गेले. त्यांना सांगताना मला तुला लिहिण्याइतकं नीट सांगता आलं नाही. त्यांनी ऐकलं आणि दार लावून घेतलं.

तू सहा आठवडे त्या माणसाला शिव्या दिल्यास आणि मी फोनवर हं हं करत राहिले. तू रडत होतीस तेव्हाही.

तुझ्या जबाबाची प्रत माझ्यासमोर आहे. तो तू मागे घ्यावास असं मी सुचवणार होते, पण काल रात्री पुन्हा वाचला आणि लक्षात आलं की त्यातली फार थोडी वाक्यं बदलावी लागतील. ‘त्याला धोका दिसत होता, तरी तो गप्प राहिला.’ ‘तो वेळेवर एक शब्द बोलला असता तर माझी आई आज असती.’ ‘या माणसाला मी कधीही क्षमा करणार नाही.’ जिथे जिथे दुरुस्ती करणारा असं आहे, तिथे धाकटी बहीण असं घाल. बाकी सगळं बरोबर लिहिलं आहेस.

तीस तारखेला मी साडेदहापासून कचेरीबाहेरच्या बाकावर असेन. तू शेजारी बसलीस तर सरकून घेईन. नाही बसलीस तरी उठणार नाही.

धाकटी