इस्पितळ फक्त इंग्लंडला

लंडन, मंगळवार

प्रिय बाबा,

मी बरी आहे. आईचा खोकला थांबला का?

आपल्या खोऱ्यातलं बंद इस्पितळ पुन्हा उघडणार, असं तुम्ही पक्षाच्या निवडणूक प्रचारात दारोदार सांगताय ना? आज पक्षाच्या कचेरीत मी साहेबांना विचारलं, "वेल्समध्ये सुरुवात कधी?"

ते हसले. "अगं, ते वचन इंग्लंडपुरतं. तुमची इस्पितळं कार्डिफमधलं वेल्सचं वेगळं सरकार चालवतं."

"मग पत्रकं आमच्याकडे का वाटली?"

"मजकूर सगळीकडे एकच गेला."

बाबा, डायलिसिससाठी दोन तास बसने जाणाऱ्या ग्वेनलियनमावशीचा हात धरून तुम्ही शब्द दिलात!

मी राजीनामा दिलाय, शनिवारी येते. पण हे पत्र मिळताच तिला खरं सांगा. दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

तुमचीच,
हेउल्वेन