दोनों बराबर

बुधवार, संध्याकाळ. अंबरपेठ.

चहा निवला, तरी मन कारखान्यातल्या त्या भट्टीतच. एक कंट्रोलर ती तापवतो, दुसरा जास्त तापली की बंद करतो. दुसऱ्याचा सेन्सर आज गेला. साहेब म्हणाले, "उद्यापर्यंत दोघांना एकच सेन्सर चालू द्या." मी जोडून दिला. नाही का म्हटलं नाही? तो एक जागचा सरकला, तर दोघंही भट्टी थंडच समजणार.

पाळी बदलताना दोन्ही आकडे जुळवून बघायची आमची पद्धत. आत्ताच ऑपरेटर यादगिरीचा फोन आला, भट्टीशेजारूनच.

"फिकर नक्को मॅडम, दोनों बराबर!"

रोज हे ऐकून मी निर्धास्त होते. आज नाही. भट्टी जळून गेली तरी ते आकडे बराबरच असतील.