न मोडणारी भाकरी

अहो,

छबीला आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका. पहाटेपासनं सात येळा जुलाब झालं लेकराला. चुलीवर भाताची पेज हाय, तेवढीच द्या.

हिच्या पोटात गव्हाचा कण बी जायचा न्हाय, हे डाक्टरचं बोलणं मी सोता तुमच्या दोस्ताच्या हाटेलात जाऊन सांगितलं हुतं. गुंडाप्पानं देवाच्या फोटूला हात लावला, "वयनी, नुसत्या जवारीची भाकरी." तुमी त्याच्यावर इस्वास ठेवून काल पोरीला तितं जेवू घातलं.

तुमी बांधून आणलेली भाकरी मघाशी दुमडून बघितली. शिळी जवारीची भाकरी दुमडली की मोडती. ही चपातीगत वळली. मऊ ऱ्हावी म्हणून मेल्यानं गव्हाचं पीठ मिसळलंय.

आता जेवणाची येळ हाय, त्याचं हाटेल भरलं असंल. छबीची चादर मी धुतली न्हाय, पिशवीत घालून चाललीय. त्याच्या गल्ल्यावर पसरणार हाय. गिऱ्हाइकांनी इचारलं तर सांगंन, हितली भाकरी माझ्या लेकीला अशी पचली.

ती उरलेली भाकरी तुमच्यासाठी झाकून ठेवलीय. आज मी दुसरं काय बी रांधलं न्हाय.